कॉफीच्या शेंगा

मिरचीच्या हंगामात आमच्या दोंडाईच्याला येणाऱ्या पाहुण्याला गाव जवळ आल्याचे कोणी सांगावे लागत नाही. त्याचे नाकच त्याला सांगते. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या गावाची खानदेशाबाहेर जी काही ओळख असेल ती मिरचीच्या बाजारपेठेची. वाळत घातलेल्या मिरचीचा लाल सडा, पोत्यांच्या थप्प्या आणि त्या थप्प्यांपुढे उभे राहून घासाघीस करणारी माणसे पाहतच मी लहानाचा मोठा झालो. आमच्या आईची मिरची घेण्याची एक रीत होती. ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढी. वरची मिरची दुकानदाराची आणि तळाची आपली, असे ती म्हणे. मग एक मिरची कानाशी धरून हलवी. बी खुळखुळले तर मिरची वाळलेली. न खुळखुळले तर ओल धरलेली आणि पावसाळ्यात बुरशी येणारी. त्यानंतर ती मिरची मोडून वास घेई, आणि एवढे सगळे झाल्यावर भाव विचारी.

अशा घरात वाढलेल्या माणसाकडे गेल्या दिवाळीत एक खोके आले. त्या खोक्याने मला हा लेख लिहायला लावला आहे.

खोके थोरल्या मुलीने पुण्याहून पाठविले होते. त्यात कॉफीचे एक देखणे यंत्र होते आणि यंत्राबरोबर वीस डब्या. प्रत्येक डबीत दहा कुप्या, एकूण २००. कुपी म्हणजे अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची बंद वाटी. आत साडेपाच ग्रॅम दळलेली कॉफी. ही कुपी यंत्राच्या तोंडात ठेवायची आणि कळ दाबायची. यंत्र तिला भोके पाडते, दाबाने गरम पाणी तिच्यातून घालविते, आणि अर्ध्या मिनिटात पेल्यात फेसाळ कॉफी उतरते. रिकामी कुपी आतल्या खणात जाऊन पडते. भांडे नाही, गाळणे नाही, चोथा नाही. मुलगी फोनवर मोठ्या आनंदाने म्हणाली, "बाबा, सुट्या घेतल्या असत्या तर एक कुपी ५५ रुपयांना पडली असती. एकदम २०० घेतल्या म्हणून ४५ ला मिळाली. २,००० रुपये वाचले!"

मी गणिताचा मास्तर. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, तरी आकडा कानावर पडला की हात खडू शोधू लागतो. २०० कुप्या, प्रत्येकीत साडेपाच ग्रॅम. म्हणजे ९,००० रुपयांना झाली १ किलो १०० ग्रॅम कॉफी. किलोमागे ८,१८० रुपये! दक्षिणेकडची चांगली भाजून दळलेली कॉफी किलोभर घ्यावयाची तर हजार-बाराशे रुपये पुरतात. तेवढ्याच कॉफीसाठी मुलीने साडेसात हजारांहून अधिक रुपये जादा मोजले होते, आणि २,००० वाचल्याच्या आनंदात ती हे विसरली होती. फळ्यावर हे गणित मांडले असते तर सातवीतल्या मुलानेही हात वर केला असता.

तथापि केवळ किमतीसाठी मी वाचकांचा वेळ घेतला नसता. स्वतःच्या कमाईतून माणसाने चैन करावी. आईबापांसाठी करावी, हे तर फारच चांगले. आणि कॉफी उत्तम होती, हेही मी कबूल करतो. मला टोचला तो मुलीच्या तोंडचा पुढचा शब्द. मी किमतीविषयी कुरकुरलो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नाही का वर्षाची मिरची भरत? गहू भरत? ही आमची बेगमी!"

बेगमी! हा शब्द आपण फारसीतून घेतला. बे म्हणजे विना आणि गम म्हणजे चिंता. ज्या साठ्यामुळे घर निश्चिंत होते ती बेगमी. फाल्गुन-चैत्रात मिरची, धणे, हळद घरात येते. गहू निवडून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत पडतो. उन्हाळ्यात उडदाचे आणि नागलीचे पापड, बिबडे, कुरडया, शेवया उन्हात पडतात. मग बाहेर पाऊस लागो, नाल्याला पूर येवो, पगार लांबो, पाहुणे अवेळी येवोत, चूल अडत नाही. हा शब्द त्या दोनशे कुप्यांना लागू पडतो काय? मुलीने सहज उच्चारलेल्या या शब्दाची मी वर्षभर उलटतपासणी केली. आज तिचा निकाल जाहीर करीत आहे. लागू पडत नाही.

पहिली साक्ष शेजारच्या आक्कांची. फराळाचे ताट घेऊन त्या आल्या तेव्हा मेजावर कुप्यांची आरास मांडलेली होती. चंदेरी, जांभळी, हिरवी. लहान मुलांच्या खेळण्यांसारखी. आक्कांनी एक उचलून उलटीसुलटी केली.

"मास्तर, हाई काय शे?"

"कॉफी आहे, आक्का."

"मंग उघाडीसन दखाडा ना."

"ती उघडत नाही. यंत्रातच फुटते."

आक्कांनी कुपी नाकाशी नेली, कानाशी हलविली आणि परत ठेवली. "वास लेवाले येस नही, हातमा लेवाले येस नही, मंग तुम्हीन इकत काय लिधं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही काय विकत घेतले होते? डबीवरचा रंग आणि त्या रंगाला दिलेले एक परदेशी नाव. आतली कॉफी कोणत्या मळ्यातली, केव्हा भाजलेली, किती जुनी हे ना नाकाला कळते ना बोटाला. मोठ्या प्रमाणावर माल भरणाऱ्याने पारख अधिक कडक ठेवावी, हा बाजाराचा जुना नियम. पावशेर मिरची खराब निघाली तर आठवडा वाया जातो. वर्षाची खराब निघाली तर वर्ष जाते. येथे मात्र सौदा जितका मोठा तितकी पारख कमी, असा उलटा न्याय आहे.

इंग्रजीत या कुप्यांना 'पॉड' म्हणतात. शब्दकोश पाहिला तर 'पॉड' म्हणजे शेंग! आमच्या खानदेशात शेंगांना तोटा नाही. भुईमूग आहे, तूर आहे, मूग आहे. शेंग म्हणजे काय हे आम्हांला परदेशी कंपन्यांनी शिकवावे अशी वेळ अजून आलेली नाही. शेंग सोलता येते. दाणा खाता येतो, भाजता येतो, घाण्यावर नेता येतो, पुढच्या पावसात पेरता येतो. टरफल गुरांपुढे टाकता येते. ही शेंग एकाच घरच्या यंत्राने सोलायची, एकाच रीतीने प्यायची, आणि तिचे टरफल कोणतेही गुरू तोंडात धरणार नाही. असल्या वस्तूला शेंग म्हणणे हा शेंगेचा अपमान आहे.

आता या शेंगेचा थोडा इतिहास. नेस्ले या स्विस कंपनीतील एरिक फाव्र नावाच्या अभियंत्याने कॉफीची बंद कुपी आणि तिचे यंत्र यांची कल्पना काढली. १९७६ साली तिचे पेटंट झाले आणि १९८६ साली नेस्प्रेसो या नावाने ती बाजारात आली. अमेरिकेत १९९०च्या दशकात क्यूरिग कंपनीने प्लास्टिकच्या कुप्यांचा निराळा प्रकार काढला. दोन्हींची मेख एकच. यंत्र एकदा विकले जाते, कुपी रोज विकली जाते. म्हणून खरा धंदा कुपीचा. गिऱ्हाइकाने यंत्र घेतले की ते त्या धंद्याचे मिंधे झाले. पेटंट आहे तोवर ही मिंधेगिरी कायद्याने टिकते. पेटंट संपल्यावर काय होते ते पाहण्यासारखे आहे.

क्यूरिगची मुख्य पेटंटे २०१२ साली संपली आणि इतर कारखानदार तशाच कुप्या स्वस्तात विकू लागले. यावर कंपनीने २०१४ साली नवे यंत्र काढले. ते कुपीच्या झाकणावरची विशिष्ट शाई ओळखे आणि परक्या कुपीला पाणीच सोडत नसे! लोकांनी संतापून कंपनीच्या कुपीचे झाकण कापले, ते यंत्राच्या डोळ्यासमोर चिकटविले आणि त्याला फसवून आपली कॉफी प्याली. यंत्रांचा खप घसरला आणि २०१५ साली कंपनीला आपली चूक कबूल करावी लागली. फ्रान्समध्ये त्याच २०१४ साली स्पर्धा-नियंत्रक संस्थेपुढे नेस्प्रेसोला लेखी हमी द्यावी लागली. यंत्रात बदल करावयाचा झाल्यास इतर कुपीवाल्यांना आगाऊ कळवू, आणि दुसऱ्याची कुपी वापरली एवढ्या कारणावरून यंत्राची हमी नाकारणार नाही, असा तिचा आशय होता. माझे म्हणणे एवढेच की, ज्या वस्तूसाठी असल्या हम्या सरकारने लिहून घ्याव्या लागतात, ती वस्तू माणसाला निश्चिंत करणारी खचितच नाही.

आणखी एक गोष्ट. क्यूरिगच्या यंत्राचा मूळ जनक जॉन सिल्वन याने २०१५ साली एका मासिकाजवळ कबूल केले की, हे आपण केले याचे आपल्याला कधीकधी वाईट वाटते. आपल्या घरी ते यंत्र नाही, ते वापरणे महाग पडते, असेही त्याने सांगितले. ज्याच्या घरात स्वतःच्या दुकानातली मिरची शिजत नाही, त्या दुकानदाराकडून आमची आई पोतेभर सोडाच, वाटीभरही मिरची घेती ना!

येथे दुसऱ्या बाजूचे ऐकले पाहिजे. न ऐकता निकाल देणे मास्तराला शोभत नाही.

पहिला आक्षेप कचऱ्याविषयीचा. कुप्यांचा कचरा फार होतो म्हणून जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१६ साली सरकारी पैशाने त्या विकत घेण्यास मनाई केली. सहा ग्रॅम कॉफीसाठी तीन ग्रॅम वेष्टन, असा तेथल्या अधिकाऱ्यांचा हिशेब होता. हे ऐकून पुष्कळ जण कुपीला सृष्टीची वैरीण ठरवितात. परंतु कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली निराळा हिशेब मांडला. कॉफीच्या पेल्यातला पुष्कळसा दोष मळ्यातल्या लागवडीचा असतो. यंत्राने साडेपाच ग्रॅमच लागते, आणि आपण हाताने सढळपणे जास्त घालतो, पाणी जास्त तापवितो, उरलेली ओतून देतो. म्हणून काही वेळा कुपीच कमी नासाडी करते. हे मला पटले. आमच्या सौभाग्यवतींच्या हाताचे माप मी चाळीस वर्षे पाहत आहे. पण याच हिशेबात सर्वांत हलकी ठरली ती बरणीतली साधी विरघळणारी कॉफी, हे सांगायला कुपीचे वकील विसरतात. आणि कुपीचे ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते हे खरे असले तरी ते वितळविणाऱ्याच्या हाती पोचले पाहिजे. मोठ्या शहरांत कंपन्या रिकाम्या कुप्या परत घेण्याची व्यवस्था करतात. आमच्या गल्लीत ती व्यवस्था येत नाही. येतो तो भंगारवाला. तो लोखंड घेतो, रद्दी घेतो, फुटकी बादली घेतो. कुपी त्याने हातात घेऊन पाहिली आणि आत ओला चोथा आहे म्हणून परत केली.

दुसरा आक्षेप मुलीचा, आणि तो माझ्या वर्मी लागला. शिमग्याला ती आली असता मी तिला बेगमीवर व्याख्यान दिले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "बाबा, तुमची बेगमी आईच्या मनगटावर उभी होती. बाजारात उभे राहून मिरची तुम्ही वाजवून पाहिलीत. पण तिचे देठ कोणी खुडले? कांडली कोणी? वैशाखाच्या उन्हात गच्चीवर पापड वाळत कोणी घातले? मी कळ दाबून कॉफी पिते, कारण मला तसे आयुष्य नको आहे."

मी गप्प राहिलो. मला आठवली ती माझ्या आईची रात्र. मिरची कांडली त्या रात्री तिच्या हातांची आग होई आणि ती ते हात पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसून राही. आम्ही मुले निवांत झोपत असू. आमच्या निश्चिंतीची किंमत एका माणसाच्या दोन तळव्यांनी चुकविली होती. जुन्या बेगमीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी, आणि त्यांत मी आलोच, हे पातेले विसरू नये. मुलीचा हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. बाईचे कष्ट वाचविणारे यंत्र घरात आले पाहिजे, आणि ते आणणाऱ्या मुलीला बापाने नावे ठेवू नयेत.

पण तिच्या मुद्द्याचे उत्तर आमच्याच गावात उभे आहे. ते उत्तर म्हणजे पिठाची चक्की. जात्यावर पहाटे दळणाऱ्या बायांची सुटका या चक्कीने केली; उखळाशी वाकलेल्या बायांची सुटका मिरची कांडणाऱ्या यंत्राने केली. यापेक्षा मोठे उपकार खानदेशातल्या बाईवर कोणत्या यंत्राने केले असतील असे मला वाटत नाही. आता कल्पना करा, तुम्ही ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर गेलात आणि चक्कीवाला म्हणाला, "ही ज्वारी आमच्या दुकानची नाही, माझी चक्की हिला दळणार नाही." काय होईल? दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात चिटपाखरू दिसणार नाही. आमच्या चक्कीवाल्याने आजवर कोणाला विचारले नाही की दाणा कोणत्या शेतातला. ज्वारी आणा, बाजरी आणा, कळण्यासाठी ज्वारीत उडीद मिसळून आणा. दगड फिरेल आणि पीठ पडेल. कष्ट वाचविणे आणि दावणीला बांधणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. चक्की पहिली करते आणि दुसरी करीत नाही. कुपीचे यंत्र पहिल्या क्रियेच्या पदराखाली दुसरी लपवून आणते.

एका पेल्याची कॉफी आयती बांधून मिळावी ही इच्छाही नवी नाही. माझ्या लहानपणी घरी कॉफीच्या वड्या येत. कॉफी आणि साखर यांची चौकोनी वडी, कागदात गुंडाळलेली. दूध उकळायचे, वडी टाकायची, वर जायफळ उगाळायचे, झाले. आमच्याकडे राज्य चहाचे. कॉफी व्हायची ती कोणी मोठा पाहुणा आला, उपास असला किंवा परीक्षेसाठी जागायचे असले तर. ती वडी कोणत्याही पातेल्यात विरघळे. पातेल्याने तिच्याकडे ओळखपत्र मागितले नाही. आणि ज्याला ताज्या दळलेल्या कॉफीचीच हौस आहे त्याच्यासाठी दक्षिणेतल्या घराघरातले दोन मजली गाळणे आहे. वर पूड, वर उकळते पाणी, खाली थेंबथेंब अर्क. काही शे रुपयांत येते, त्यात कोणाच्याही दुकानची पूड चालते, आणि नातवंडांच्या हाती देईपर्यंत टिकते. रात्री भरून ठेवले तर सकाळी कोणाला कष्ट पडत नाहीत, मुलीलाही नाहीत.

आता यंत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. कंपनीचे नाव सांगत नाही. तिच्या जागी दुसरी असती तरी कथा हीच झाली असती. आमच्या घरचे पाणी बोअरचे, क्षार भरलेले. तांब्यात रात्रभर ठेवले तर सकाळी पांढरी कड दिसते. सव्वा महिना यंत्र नीट चालले, मग गुरगुरू लागले, मग थेंब थेंब देऊ लागले आणि मार्गशीर्षात एके सकाळी थांबले. तोवर ६४ कुप्या संपल्या होत्या, १३६ शिल्लक. फोनवरच्या गोड आवाजाने क्षार काढण्याचे औषध मागवा असे सांगितले. ते घालूनही यंत्र हलले नाही, तेव्हा यंत्र दूरच्या शहरातल्या केंद्रात पाठवा म्हणून सांगितले. गावात आमचा एक कारागीर आहे. पंप, पंखा, मिक्सर, दूरदर्शन संच, त्याच्या हाताला न वळणारी वस्तू मी पाहिली नाही. त्याने यंत्र उलटे करून पाहिले आणि पेचकस खाली ठेवला. स्क्रूची डोकी अशा आकाराची की त्याच्याजवळचे एकही हत्यार त्यांत बसेना. तो म्हणाला, "मास्तर, हे उघडू नये म्हणूनच असे केले आहे."

म्हणजे हिशेब असा झाला: कपाटात ६,१२० रुपयांचा माल आणि घरात कॉफी नाही.

बेगमीची खरी कसोटी येथेच लागते. मिरची जास्त झाली तर शेजारी वाटीभर जाते. शेजारचे पापड आपल्याकडे येतात. गहू उरला तर विकता येतो, पीठ करून देता येते, अगदीच झाले तर पाखरांना टाकता येतो. आमच्या गल्लीत कोणाकडे काय संपले आणि कोणाकडे काय शिल्लक आहे याची एक न लिहिलेली वही आहे, आणि त्या वहीवर अर्धी गल्ली जगते. वाटीभर उसने देता येत नाही तो साठा घरात असून घराचा नसतो. माझ्या १३६ कुप्या मी कोणाला देणार होतो? उभ्या गावात दुसरे तसे यंत्र माझ्या पाहण्यात नाही. आक्कांना पाच कुप्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या नातवाला खेळायला दिल्या असत्या.

वाचकहो, 'एकदम घ्या, स्वस्त पडेल' या वाक्यामागचा व्यवहार नीट पाहा. मिरची एकदम घेतली तर स्वस्त का पडते? हंगामात माल भरपूर असतो आणि शेतकऱ्याला रोकड हवी असते. आपण त्याच्या निकडीच्या वेळी पैसे देतो आणि महागाईच्या दिवसांत आपली सोय पाहतो. त्यात दोघांची गरज भागते. कुपीला हंगाम नाही. ती कारखान्यात बारा महिने तशीच निघते. मग दोनशे घेतल्यावर स्वस्त का? कारण ज्याच्या कपाटात दोनशे कुप्या आहेत तो शंभर दिवस दुसरी कॉफी शोधणार नाही. यंत्र बिघडले तर ते फेकून न देता तेच पुन्हा घेईल, कारण कुप्या वाया जातील! विक्रेत्याने आपले कोठार तुमच्या स्वयंपाकघरात हलविले, त्याचे भाडे दिले नाही, आणि वर तुम्हांला राखणदार म्हणून बसविले. ही तुमची बेगमी नाही. ती त्याची आहे. निश्चिंत तो झाला आहे.

आपल्या देशात कॉफी कशी आली याची आख्यायिका येथे आठवते. अरबस्थानातून उगवणारे बी बाहेर जाऊ देत नसत, असे सांगतात; भाजलेली कॉफी घ्या, बी मागू नका. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे फकीर हजहून परतताना सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या लावल्या. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. आख्यायिकेत तथ्य किती हा पंडितांचा प्रश्न. पण कुलूप फोडून आलेले हे पीक म्हणून लोकांनी कॉफीची आठवण ठेवली, ही गोष्ट मला मोलाची वाटते. त्याच देशातली माणसे आज कॉफीबरोबर कुलूपही विकत घेत आहेत, आणि कुलपे घाऊक घेतली म्हणून सूट मिळाली याचा आनंद मानीत आहेत.

माझी मागणी मोठी नाही. यंत्रे घ्यावीत; पण कोणाचाही दाणा दळणारी घ्यावीत, गावच्या कारागिराला उघडता येतील अशी घ्यावीत. साठा करावा, पण वास घेऊन करावा, आणि यंत्र मेले तरी जो खाता-पिता येईल त्याचाच करावा. आणि ज्याला कुपीचीच हौस आहे त्याने खुशाल दहा-दहा घ्याव्यात, पंचावन्न रुपये मोजावेत, आणि त्याला चैन म्हणावे. चैन हा प्रामाणिक शब्द आहे. बेगमी या शब्दाला मात्र हात लावू नये. तो आमच्या आयांनी तळवे भाजून कमावला आहे.

त्या १३६ कुप्यांचे काय झाले? संक्रांतीच्या सुमारास सौभाग्यवतींनी एके दुपारी विळी पुढे ओढली आणि पहिली कुपी चिरली. पूड फार बारीक होती. दोघांच्या कॉफीला चार कुप्या लागल्या. दूध उकळले, पूड घातली, जायफळ उगाळले, फडक्याने गाळली. अशा रीतीने फाल्गुन लागेपर्यंत आम्ही चौतीस दुपारी कॉफी प्यालो. रिकामी टरफले त्यांनी धुऊन, वाळवून एका पिशवीत भरली, तेव्हा कोठे भंगारवाल्याने ती घेतली. वजन भरले १३५ ग्रॅम. त्याने हातावर १५ रुपये ठेवले.

मुलगी या दिवाळीला येणार आहे. परवा तिने फोनवर विचारले, "बाबा, येताना काय आणू?" मी म्हटले, "पाव किलो कॉफी आण. आणि घेण्यापूर्वी पुडीत नाक घालून बघ."